तीन पब, केशरी चिप्स आणि एक शनिवार : ब्लॅक कंट्रीतली भटकंती कशी आखावी

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला डडली, सँडवेल, वॉल्सॉल आणि वुल्व्हरहॅम्प्टन या भागाला ब्लॅक कंट्री म्हणतात. कोळशाच्या खाणी, ओतशाळा, साखळदंडांचे कारखाने यांवर वाढलेला हा मुलूख. इंग्लंड बघायला आलेला माणूस इकडे फिरकत नाही आणि बर्मिंगहॅममध्ये वर्षानुवर्षं राहणारे आपले लोकही सुट्टी मिळाली की कॉट्सवोल्ड्स नाहीतर वेल्स गाठतात. पण पब आणि चिप शॉप (तळलेले मासे आणि चिप्स, म्हणजे बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडी, विकणारं दुकान) ही कष्टकरी माणसाची ठिकाणं आहेत. ती त्यांच्या मूळ रूपात बघायची तर याहून चांगला भाग मला माहीत नाही. मित्रमंडळींना घेऊन इथे एक शनिवार कसा काढावा, ते पुढे सविस्तर सांगतो.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. दिवसभरात पब तीनच करायचे आणि प्रत्येक ठिकाणी निदान तासभर बसायचं. आठ-दहा पबांची यादी करून एकामागून एक पालथे घालणारे गट असतात. संध्याकाळी त्यांना यातला एकही पब धड आठवत नाही. या जुन्या पबांमध्ये बघण्यासारखं, चाखण्यासारखं, शेजारच्या टेबलावरच्या आजोबांकडून ऐकण्यासारखं इतकं असतं, की तीनसुद्धा पुरेसे होतात.

किती जण, कोणता दिवस

चार ते सहा जण उत्तम. इथल्या पबांच्या खोल्या लहान असतात. दहा जण एकदम शिरले की नेहमीच्या गिऱ्हाइकांची बसायची पंचाईत होते आणि आपल्यातही दोन तट पडून वेगवेगळ्या गप्पा सुरू होतात.

वार शनिवार. रविवारी बरीच चिप शॉप बंद असतात, काही सोमवारीही उघडत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी मात्र चिप शॉपसमोर मोठी रांग लागते. शुक्रवारी मांस न खाता मासे खायची जुनी ख्रिस्ती रीत अजून अंगवळणी आहे. शनिवार ठरवताना फुटबॉलचं वेळापत्रक बघा. वुल्व्ह्ज किंवा वेस्ट ब्रॉमिच अल्बियनचा सामना घरच्या मैदानावर असेल तर बस, ट्राम आणि पब तिन्हीकडे गर्दी होते.

महिना मे ते सप्टेंबरमधला निवडा. मधला एक टप्पा कालव्याकाठी चालायचा आहे आणि डिसेंबरात इथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो.

गाडी घरी ठेवा. इंग्लंडमध्ये गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 100 मिलिलिटरमागे 80 मिलिग्रॅम आहे. पण आपल्या शरीरात आकडा किती झाला, हे पबमध्ये बसून कुणालाच कळत नाही. ‘एखाद्याने प्यायचं नाही, त्याने गाडी चालवायची’ हा तोडगाही मला पटत नाही, कारण मग तो मित्र दिवसभर सगळ्यांचा ड्रायव्हर होतो. बस, ट्राम आणि ट्रेन तिन्हींवर चालणारं दिवसाचं तिकीट मिळतं, ते काढा.

तळण कशात आहे, हे आधी विचारा

चिप शॉपबद्दल आपल्या लोकांना सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. ब्लॅक कंट्रीत आणि यॉर्कशरमध्ये अनेक जुनी दुकानं मासे आणि चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात. तिला बीफ ड्रिपिंग म्हणतात. चरबी चांगली तापते, तळण कुरकुरीत होतं, चवही वेगळी लागते, म्हणून जाणकार मुद्दाम अशी दुकानं शोधत येतात. डडलीच्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियममध्ये ‘हॉब्ज अँड सन्स’ हे 1930 च्या दशकातल्या धर्तीवर मांडलेलं चिप शॉप आहे, तिथलं तळणही परंपरेप्रमाणे याच चरबीतलं. गोमांस न खाणाऱ्याला पाटीवर ‘चिप्स’ एवढंच वाचून हे कळायचा काही मार्ग नाही.

तेव्हा काउंटरवर थेट विचारा, ‘व्हॉट डू यू फ्राय इन?’ प्रश्न रोजचा आहे, कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. रेपसीड, सूर्यफूल किंवा पाम तेल असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न शाकाहारी मंडळींनी विचारायचा : चिप्स आणि मासे एकाच कढईत तळता का? काही दुकानांत चिप्सची कढई वेगळी असते, काही ठिकाणी नसते. निघायच्या आधी दोन-तीन दुकानांना फोन करून हे विचारून ठेवलंत तर ऐन भुकेच्या वेळी फुटपाथवर उभं राहून खल करावा लागणार नाही. मी दुकान निवडताना चवीआधी याचीच चौकशी करतो. गटातल्या एकाला जरी खाता येणार नसेल, तर ते दुकान आपल्या कामाचं नाही.

बिअरमध्येही असाच एक छुपा मुद्दा आहे. पिंपातली पारंपरिक एल, म्हणजे जुन्या इंग्लिश पद्धतीची बिअर, निवळ व्हावी म्हणून तिच्यात बऱ्याचदा आयसिंग्लास घालतात. हा पदार्थ माशांच्या वाळवलेल्या वायुपिशवीपासून बनतो. तो गाळासोबत तळाशी बसतो, तरी कडक शाकाहारी माणसाला हे माहीत असायला हवं. बारवर विचारलं तर सांगतात. न गाळलेल्या किंवा व्हीगन बिअरही आता अनेक ठिकाणी मिळतात.

आणि ग्रेव्ही. चिप्सवर ओततात ती ग्रेव्ही बहुधा मांसाच्या अर्काची असते. मशी पीज, म्हणजे घोटलेले वाटाणे, आणि करी सॉस हे पर्याय शाकाहारी असू शकतात. तेही विचारूनच घ्या.

सकाळ : स्टोरब्रिजमार्गे ब्रायर्ली हिल

घरून पोटभर नाश्ता करून निघा. पोहे, उपमा, थालीपीठ, काहीही. रिकाम्या पोटी बिअर नको.

बर्मिंगहॅमच्या स्नो हिल किंवा मूर स्ट्रीट स्टेशनवरून स्टोरब्रिज जंक्शनची गाडी पकडा. वाटेत क्रॅडली हीथ लागतं. साखळ्या घडवणाऱ्या इथल्या बायकांनी 1910 मध्ये मेरी मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखाली संप करून किमान वेतन मिळवलं होतं. गाडी तिथे थांबली की मित्रांना हे जरूर सांगा. दिवसभर आपण ज्या पबांत बसणार आहोत ते याच कामगारांच्या जिवावर उभे राहिले.

स्टोरब्रिज जंक्शनला उतरून स्टोरब्रिज टाउनसाठी गाडी बदला. ही शाखा जेमतेम 0.8 मैलांची आहे. तिच्यावर एका डब्याची इवलीशी गाडी सतत ये-जा करते आणि ती चालवायला जड चाकात साठवलेल्या ऊर्जेची मदत घेतात. तीन मिनिटांचा प्रवास, पण मोठी माणसंही खिडकीशी बसायला धडपडतात. टाउन स्टेशनला लागूनच बस स्थानक आहे, तिथून ब्रायर्ली हिलची बस घ्या.

पहिला पब : द व्हाइन

डेल्फ रोडवरचा हा पब. पाटीवर ‘व्हाइन’ असलं तरी गावात त्याला ‘बुल अँड ब्लॅडर’ म्हणतात, कारण इमारतीच्या एका भागात पूर्वी खाटकाचं दुकान होतं. नकाशात शोधताना जपा. वेस्ट ब्रॉमिचमध्येही ‘द व्हाइन’ नावाचा प्रसिद्ध पब आहे आणि दोन्हींत बरंच अंतर आहे. गटाला पत्ता पाठवताना ‘ब्रायर्ली हिल’ हे शब्द लिहायला विसरू नका.

दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत शेक्सपिअरच्या ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ नाटकातली चांगल्या बिअरची वाखाणणी करणारी ओळ रंगवली आहे. शेजारीच बॅथम्सची ब्रुअरी. हे घराणं 1877 पासून या धंद्यात आहे. भिंतीपलीकडे बनलेली बिअर इथे तुमच्या ग्लासात येते.

घ्यायचं काय? दोन हाफ, म्हणजे अर्ध्या पाइंटचे ग्लास, एकापाठोपाठ एक. आधी माइल्ड, मग बेस्ट बिटर. माइल्ड गडद रंगाची, किंचित गोडसर आणि हलकी, 3.5 टक्क्यांची. भट्टीसमोर घाम गाळून आलेला कामगार तहान भागवायला एकावर एक पाइंट रिचवायचा. त्याला चढणारी बिअर परवडणारी नव्हती, म्हणून माइल्ड हलकी आणि स्वस्त. इंग्लंडच्या इतर भागांत ती जवळपास दिसेनाशी झाली, इथे मात्र अजून रोजची आहे. बिटर 4.3 टक्क्यांची, सोनेरी, आधी गोड लागून मग कडवटपणावर संपणारी.

बारच्या कडेला उभं राहून हँडपंप ओढताना बघा. पंप लांब, सावकाश ओढला जातो, ग्लासात आधी गढूळ फेसाळ लाट उठते आणि मग ती तळापासून निवळत वर सरकते. पुरती निवळेपर्यंत ग्लास उचलू नका. ही बिअर जिवंत यीस्टसह पिंपात मुरते आणि तळघरातल्या 11 ते 13 अंशांच्या तापमानावर येते. बर्फासारख्या थंड बिअरची सवय असलेला मित्र पहिल्या घोटाला ‘ही कोमट आहे’ म्हणेल. त्याला दुसऱ्या घोटापर्यंत थांबायला सांगा. थंडगार बिअरची चव जिभेला नीट कळतच नाही.

चखण्याला इथे कॉब, म्हणजे गोल पाव. चीझ आणि जाड चिरलेला कच्चा कांदा घातलेला कॉब शाकाहारी माणसाचा या भागातला खरा आधार आहे. पोर्क स्क्रॅचिंग्ज, म्हणजे डुकराची तळलेली खारवलेली कातडी, हे ब्लॅक कंट्रीचं खास खाणं. खाणाऱ्यांनी जरूर खावं, पण दात सांभाळून.

बारवर वागायचं कसं

टेबलावर ऑर्डर घ्यायला कुणी येणार नाही. बारपाशी जाऊन उभं राहायचं, हात हलवायचा नाही, नोट नाचवायची नाही. आपल्या आधी कोण आलं हे लक्षात ठेवायचं आणि आपल्याकडे चुकून आधी बघितलं तर त्या माणसाकडे बोट दाखवायचं. एवढ्या एका गोष्टीने पबमध्ये तुमचं वजन वाढतं. पैसे लगेच द्यायचे. टीपची अपेक्षा नसते.

ब्रिटिश रीत राउंडची : आळीपाळीने एकेकाने सगळ्यांसाठी घ्यायचं. सहा जणांच्या गटात ही रीत घातक आहे, कारण सहाही जणांची पाळी होईपर्यंत सहा ग्लास पोटात जातात आणि लिंबूपाणी पिणारा उगाच सगळ्यांच्या बिअरचे पैसे भरतो. सकाळीच सारखी वर्गणी काढा आणि एकाकडे सोपवा. न पिणाऱ्यांची वर्गणी कमी ठेवा. टीटीएमएमही चालेल, पण प्रत्येक वेळी सहा जण बारवर कार्ड घेऊन उभे राहणं त्रासाचं होतं.

न पिणाऱ्याने पबमध्ये संकोचून बसायचं काही कारण नाही. लाइम अँड सोडा, अल्कोहोल नसलेली बिअर, काही ठिकाणी चहासुद्धा मिळतो. ‘एक तरी घे’ असा आग्रह कुणी करायचा नाही, हे गटात आधीच स्पष्ट बोलून घ्या. तरुण दिसणाऱ्यांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा. कायद्याने वय 18, पण पंचविशीच्या आतलं कुणी वाटलं तरी विचारतात.

किती प्यायलो याचा हिशोब सोपा आहे, इथे अल्कोहोल युनिटमध्ये मोजतात. मिलिलिटरला टक्क्यांनी गुणून 1000 ने भागलं की युनिट मिळतात. हाफ म्हणजे 284 मिलिलिटर. माइल्डचा हाफ 1 युनिट, बिटरचा 1.2. मी सांगतोय त्या बेताने चाललात तर रात्रीपर्यंत सहा-साडेसहा युनिट होतात. इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आठवड्याला 14 च्या वर न जाण्याचा आहे. त्यामुळे एका दिवसासाठी हेही भरपूर झालं.

दुपारचं जेवण आणि कालवा

अनेक चिप शॉप दुपारी दोनच्या सुमारास बंद होऊन थेट साडेचार-पाचला उघडतात. म्हणून पब सोडायची वेळ एक-सव्वाची ठेवा आणि आधी चौकशी करून ठेवलेल्या ब्रायर्ली हिलच्या दुकानात जा.

मागवताना दोघांत एक मोठी चिप्स पुरते, माणशी एक घेतलीत तर निम्मी टाकून द्यावी लागेल. मासा कॉड किंवा हॅडक. दोन्ही काटे काढून मिळणारे, पांढऱ्या मोठ्या पाकळ्यांचे. हॅडकला चव थोडी जास्त असते. पापलेट-बोंबलावर वाढलेल्यांना दोन्ही सपक वाटतील, कारण मसाला कुठेच नाही. इथे सगळी करामत बाहेरच्या पिठाची आणि मासा आत वाफेवर शिजण्याची. तयार ठेवलेला तुकडा घेण्यापेक्षा ‘ताजा तळून देता का’ असं विचारून पाच-सात मिनिटं थांबा. शाकाहारींसाठी इथे स्कॅलप मिळतो : बटाट्याचा जाड काप पिठात बुडवून तळलेला.

मग विचारतील, मीठ-व्हिनेगर? हो म्हणा आणि चिप्सवर सढळ हाताने मागा. पुढचा प्रश्न, गुंडाळून देऊ की उघडं? कालव्यापर्यंत न्यायचं असेल तर गुंडाळून. कागद बंद असताना आतल्या वाफेने चिप्स मऊ पडतात आणि व्हिनेगर आत मुरतं. काहींना हेच आवडत नाही, मला तर चिप्स अशाच आवडतात. कडेला कुरकुरीत, मध्ये दबलेल्या, आंबटशार.

डेल्फच्या कालव्यावर लॉक्सची, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या दारांच्या कप्प्यांची, ओळ आहे. मुळात ती नऊ होती, 1858 च्या बांधणीनंतर आठ उरली, तरी लोक ‘नाइन लॉक्स’च म्हणतात. काठावर बसून जेवा, कागद कचरापेटीत टाका, बदकांना चिप्स घालू नका, आणि मग काठाकाठाने वर चढत मेरी हिल या शॉपिंग सेंटरच्या दिशेने चाला. जेवणानंतरचं हे चालणं दिवसाच्या बेतात मी मुद्दाम घातलंय. त्याने अंग मोकळं होतं आणि दोन पबांमध्ये अंतर पडतं.

दुसरा पब : ओल्ड स्वान, नेदर्टन

मेरी हिलच्या बस स्थानकातून नेदर्टनला जा. टायटॅनिकचा मुख्य नांगर या गावातल्या नोआ हिंग्लीच्या कारखान्यात घडवला गेला आणि 1911 मध्ये 20 घोड्यांनी तो ओढत डडली स्टेशनला नेला. त्याची प्रतिकृती गावात उभी आहे.

ओल्ड स्वानला सगळे ‘मा पार्डोज’ म्हणतात, तो दीर्घकाळ चालवणाऱ्या डोरिस पार्डो यांच्यावरून. 1971 मध्ये पारंपरिक एल वाचवण्यासाठी कॅम्रा ही ग्राहकांची संघटना सुरू झाली, तेव्हा स्वतःच्या आवारात बिअर बनवणारे पब अख्ख्या देशात चारच उरले होते. त्यांतला हा एक. पुढच्या खोलीत जागा धरा आणि मान वर करा. छत इनॅमलच्या पत्र्यांचं आहे आणि मधोमध हंस चितारलाय. खोलीत जुनी शेगडी आहे. खरोखरच्या जुन्या वस्तू जागच्या जागी राहिल्या की कशा दिसतात, हे इथे कळतं. इथेही एक-दोन हाफ, आणि घाई अजिबात नको.

तिसरा पब : बीकन हॉटेल, सेज्ली

डडलीला बस बदलून सेज्लीला पोचा. बीकनसारखे काही जुने पब दुपारी बंद होऊन संध्याकाळी पुन्हा उघडतात, म्हणून त्या आठवड्याच्या वेळा बघून मगच निघा. इथला बार तुम्ही कुठेच पाहिला नसेल. मध्यभागी लाकूड आणि काचेची एक लहानशी खोली आणि तिला बसक्या खिडक्या. खाली वाकून खिडकीतून ऑर्डर द्यायची. व्हिक्टोरियन काळात गिऱ्हाईक आणि वाढणारा यांनी एकमेकांचे चेहरे फारसे बघू नयेत, अशी ती सोय.

मागे सारा ह्यूज ब्रुअरी आहे. बंद पडलेली ही ब्रुअरी 1987 मध्ये नातवाने पुन्हा सुरू केली. तिची डार्क रुबी माइल्ड तब्बल 6 टक्क्यांची. रंग दिव्यासमोर धरला तर लालसर, चवीला मनुका आणि जळक्या साखरेची आठवण. दुपारच्या माइल्डच्या भरवशावर हिचा पाइंट मागवू नका. हाफ घ्या, तो तास-दीड तास पुरवा. सगळ्यात जड बिअर शेवटी ठेवायची ती यासाठीच. सुरुवातीला घेतली तर पुढच्या हलक्या बिअर पाण्यासारख्या लागतात.

केशरी चिप्स

आता या भागाची खासियत. ब्लॅक कंट्रीत चिप्स नुसत्या न तळता पातळ पिठात बुडवून तळतात आणि त्या पिठात पाप्रिका, हळद किंवा खायचा रंग घालतात. प्रत्येक दुकानाचं प्रमाण वेगळं. खोका उघडला की आत भगव्याला लागून जाणारा रंग, आणि पहिलाच घास घेतला की मराठी माणसाला बटाट्याची भजी आठवतात. पीठ जाड नसतं, नुसता खुसखुशीत पापुद्रा. घाणा कढईतून निघाल्यापासून दहा मिनिटांत खा, नंतर तो पापुद्रा मऊ पडतो. बिल्स्टनचं नाव या चिप्ससाठी विशेष घेतात आणि सेज्लीहून ते आपल्या परतीच्या वाटेवरच आहे. तेलाचा प्रश्न इथेही विचारायचाच.

मासे नको असतील तर देसी पब

गटात मसालेदार खाण्याची ओढ असणारे असतील तर बीकन सोडून डडलीहून वेस्ट ब्रॉमिचच्या देसी पबांत, म्हणजे भारतीय जेवण देणाऱ्या पबांत, जा. वर सांगितलेला तिथला ‘द व्हाइन’ हॉथॉर्न्स मैदानाच्या परिसरात आहे. त्याच्या मागच्या भागात घराच्या आतच निखाऱ्यांवर टिक्के भाजतात. ऑल सेंट्स वेवरच्या ‘रेड लायन’मध्ये स्थलांतरितांची गोष्ट सांगणारी रंगीत काचेची खिडकी आहे. जेवण पंजाबी, मिक्स ग्रिलची ताटली चौघांत मिळून घ्यायची.

हे पब इथे का उगवले, ते मात्र समजून घ्या. 1960 च्या दशकात शेजारच्या स्मेदिकमध्ये अनेक पब आशियाई आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना चांगल्या खोलीत बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जोहल यांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. 12 फेब्रुवारी 1965 रोजी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मॅल्कम एक्स स्मेदिकला आले तेव्हा जोहल त्यांना ‘ब्लू गेट्स’ पबमध्ये घेऊन गेले आणि तिथल्या स्मोक रूममध्ये, म्हणजे अशाच चांगल्या खोलीत, त्यांना पेय नाकारलं गेलं. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये मॅल्कम एक्स यांची हत्या झाली. त्याच वर्षी आलेल्या रेस रिलेशन्स अ‍ॅक्टने सार्वजनिक ठिकाणी असा भेदभाव बेकायदा ठरवला. आज आपण गव्हाळ चेहऱ्याचे सहा जण कुठल्याही पबचं दार ढकलून हव्या त्या खोलीत बसतो, ते या लोकांनी झगडा दिला म्हणून. माझ्या मते गटातल्या प्रत्येकाला हे माहीत असावं.

परतीची वाट

बिल्स्टन सेंट्रलवरून बर्मिंगहॅमची ट्राम मिळते, वेस्ट ब्रॉमिचहूनही तीच. शेवटच्या ट्रामची वेळ सकाळीच बघून गटावर टाका आणि तिच्या निदान दोन ट्राम आधीची पकडा. ट्राममध्ये गरम चिप्स उघडू नका, तो वास डबाभर पसरतो. त्या बिल्स्टनलाच रस्त्यावर उभं राहून संपवा. वर्गणीतले पैसे उरले असतील तर ट्राममध्येच वाटून टाका. दुसऱ्या दिवशीवर ढकललं की तो हिशोब महिनाभर लोंबकळतो.